३५७ की ४४? टार्गेट आणि हरीण दोन्हीसाठी एकच काडतूस शोधताना

मी अमेरिकेत इंडियानातल्या कोलंबसला राहतो. कमिन्स या इंजिन कंपनीमुळे इथे पुण्याकडची माणसं बरीच आहेत, त्यातल्या शूटिंगची आवड असलेल्या दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला की तू एवढे महिने घालवून शेवटी ३५७ मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरवरच का आलास, जास्त ताकदीची ४४ मॅग्नम का नाही घेतलीस. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. माझी गरज साधी होती. एकच हँडगन घ्यायची, तिने वर्षभर शनिवार-रविवारी रेंजवर कागदावर नेम धरायचा आणि नोव्हेंबरात तिनेच हरणाला जायचं. दोन गन घ्यायच्या नव्हत्या, कारण मला असं वाटतं की जी गन आपण वर्षभर हातात धरतो तिनेच शिकार करावी, शिकारीच्या दिवशी अनोळखी वस्तू हातात असू नये.

आधी थोडं कागदपत्रांचं सांगतो कारण आपल्या लोकांना तिथूनच सुरुवात करावी लागते. एच-१बी वगैरे व्हिसावर असताना इथल्या फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला साधारण मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे, पण तो अपवाद आपल्याला लागू होतो का हे वकिलाला विचारूनच ठरवावं. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. माझा जन्म १९८६ नंतरचा, त्यामुळे इंडियानात लायसन्स काढायच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागला, आणि तो सक्तीचा नसता तरी मी केला असता. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावात काकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची बाराची बंदूक होती, रानडुकरं भातात शिरायची म्हणून. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि मग परत आणायची, हे मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे हत्यार म्हणजे आधी कायदा हे डोक्यात पक्कं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथे व्हाइटटेल हरणं भरपूर आहेत, मका-सोयाबीनच्या शेतांचं नुकसान करतात, किती मारायची हे राज्य दरवर्षी ठरवतं, आणि लायसन्सचा पैसा परत जंगलांकडेच जातो. हे समजून घेतल्यावरच मी यात पडलो.

आता काडतुसाकडे येऊ. दुकानात जायच्या आधी मी डीएनआरचं, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं नियमांचं पुस्तक घेऊन बसलो आणि अर्धी यादी तिथेच कापली गेली. त्या वर्षीच्या पुस्तकाप्रमाणे हरणासाठी हँडगनची नळी कमीत कमी ४ इंच हवी होती, गोळीचा व्यास कमीत कमी ०.२४३ इंच हवा होता, आणि पितळी केसची, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याची, लांबी गोळी न धरता कमीत कमी १.१६ इंच हवी होती. हा शेवटचा आकडा फार महत्त्वाचा. मी तोपर्यंत १० एमएमच्या पिस्तुलाच्या बऱ्यापैकी प्रेमात होतो, सपाट, मॅगझिनवालं, हातात छान बसणारं, ताकदही हरणापुरती भरपूर. पण १० एमएमची केस ०.९९२ इंच. गेलं. ४५ एसीपीची ०.८९८, तेही गेलं, आणि ९ एमएम तर पाऊण इंचाचंच आहे. सगळ्यात गंमतशीर हिशोब ३८ स्पेशलचा, त्याची केस १.१५५ इंच आहे, म्हणजे पाच हजारांश इंचाने बाहेर, आणि ४४ स्पेशलची बरोबर १.१६, म्हणजे काठावर आत! लांब केसमध्ये दारू जास्त मावते, अशक्त काडतूस घेऊन कोणी हरणावर बार टाकू नये यासाठी केलेला नियम आहे हा, आणि मोजायला सोपा आहे म्हणून मला तो आवडतो. पण राज्य बदललं की नियम बदलतो. माझा मित्र शेजारच्या ओहायोत डेटनला राहतो, तिथे सरळ भिंतीची केस, ०.३५७ किंवा जास्त व्यास आणि ५ इंची नळी असं मोजमाप आहे, त्यामुळे त्याचं १० एमएम चालतं, माझं चालत नाही. तेव्हा कोणाचंही ऐकून घेऊ नका, माझंही नाही, आपल्या राज्याचं त्या वर्षीचं पुस्तक आधी वाचा.

यादीत उरले ३५७ मॅग्नम, ४१ मॅग्नम, ४४ मॅग्नम, ४५ कोल्ट आणि त्याच्या वरची राक्षसं, ४५४ कसूल, ५०० स्मिथ अँड वेसन वगैरे. ती राक्षसं मी लगेच सोडली. दारू पेटल्यावर ४५४ चं कमाल प्रेशर ६५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), ४४ मॅग्नमचं ३६,०००, यावरूनच कळतं. अलास्कात अस्वलांच्या भागात फिरणाऱ्याने त्यांचा विचार करावा, इंडियानात मक्याच्या कडेला बसणाऱ्याला काय करायचंय. ४१ मॅग्नम १९६४ चं, कागदावर अगदी मधलं आणि समजूतदार काडतूस आहे, पण मी ज्या ज्या दुकानात गेलो तिथे ४१ चे डबे एकतर नव्हतेच किंवा एका कोपऱ्यात एखादा धूळ खात पडलेला, आणि जे सहज मिळत नाही त्यावर सराव होत नाही. ४५ कोल्ट १८७३ पासून चालत आलेलं, मला त्याचं फार आकर्षण, पण दुकानात जास्त करून काउबॉय शूटिंगवाल्यांसाठी हलक्या भरणीची मिळतात आणि जड भरणीची फक्त ठरावीक दणकट रिव्हॉल्व्हरमध्येच चालतात, नवख्याने हा घोळ घालू नये असं माझं मत. राहिले दोन.

हे दोन्ही कसे जन्मले ते वाचलं तेव्हा माझा निर्णय अर्धा झाला होता. ३५७ मॅग्नम १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टरने काढलं, त्यासाठी त्यांनी जुन्या ३८ स्पेशलची केस साधारण अष्टमांश इंचाने लांब केली. जागा लागते म्हणून नव्हे, तर हे जबरदस्त काडतूस चुकून कोणी जुन्या ३८ च्या गनमध्ये भरू नये म्हणून. प्रेशर बघा, ३८ स्पेशलचं कमाल १७,००० पीएसआय आणि ३५७ चं ३५,०००, दुप्पट! पण उलटं मात्र चालतं, ३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ३८ स्पेशल अगदी सुरक्षित बसतं कारण दोघांची गोळी ०.३५७ इंचाचीच आहे. ४४ मॅग्नमचं तसंच, १९५५ चं ते, त्याच्या गनमध्ये १९०७ चं ४४ स्पेशल चालतं. म्हणजे दोन्हीकडे एक हलकं भावंड आहे सरावासाठी. फरक असा की ३८ स्पेशल कुठल्याही दुकानात, कितीतरी प्रकारांत आणि परवडेल अशा भावात मिळतं, ४४ स्पेशल मिळतं पण महाग, बऱ्याचदा ४४ मॅग्नमपेक्षाही महाग. मग ते सरावाचं काडतूस कसलं.

ताकदीचं बोलू, कारण ४४ वाले तिथूनच बोलतात आणि त्यांचं चूक नाहीये. गोळीचं वजन इथे ग्रेनमध्ये मोजतात, ७,००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे १५८ ग्रेनची गोळी साधारण सव्वादहा ग्रॅम आणि २४० ग्रेनची साडेपंधरा. कंपन्यांच्या तक्त्यात ३५७ ची १५८ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला १,२३५ फुटांनी निघते, ऊर्जा ५३५ फूट-पौंड, आणि ५० यार्डांवर ती ४२८ होते. ४४ ची २४० ग्रेनची १,१८० फुटांनी निघते, ७४१ फूट-पौंड, आणि ५० यार्डांवर ६२३. म्हणजे ५० यार्डांवर पोचलेली ४४ ची गोळी नळीच्या तोंडाशी असलेल्या ३५७ पेक्षा जास्त ताकदीची. यात वाद घालण्यासारखं काहीच नाही, नुसत्या हरणाच्या दृष्टीने ४४ हे जास्त चांगलं काडतूस आहे. मोठं भोक, जड गोळी, तिरक्या कोनातूनही आत खोल जाते. माझा एक तरुण मित्र तर रोज फोन करायचा, दादा थेट ४४ घे, विचार कसला करतोस.

पण हे झालं काडतुसाचं, ते सोडणाऱ्या हाताचं काय?

इंडियानापोलिसच्या एका इनडोअर रेंजवर दोन्ही रिव्हॉल्व्हर भाड्याने मिळाली आणि ऑफिसातल्या एका सीनियरने, जो इथल्याच शेतकरी घरातला आहे, स्वतःची ४४ काही आठवडे माझ्यासोबत येऊन वापरायला दिली. त्याने मला एक गोष्ट शिकवली जी मी सगळ्यांना सांगतो. सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे खण असलेला फिरणारा भाग, तो स्वतः भरायचा आणि मला बघू द्यायचा नाही, काही खणात भरलेली काडतुसं, काही खणात रिकाम्या केसेस. मग मी नेम धरून चाप ओढायचा. रिकाम्या केसवर हॅमर पडला की गन जागची हलता कामा नये. ३८ स्पेशलवर माझी नळी स्थिर. ३५७ वर सुरुवातीला थोडी खाली झुकायची, काही आठवड्यांत ते गेलं. ४४ मॅग्नमवर मात्र सत्राच्या सुरुवातीला ठीक आणि मग विसेक राउंड झाले की रिकाम्या केसवरसुद्धा नळी सरळ खाली डुबकी मारायची, म्हणजे धक्का यायच्या आधीच शरीर धक्क्याची तयारी करतंय. हे मनावर घेऊन घालवता येतं, लोक घालवतात, पण त्याला लागतात हजारो राउंड आणि मनगटं. माझं शिफ्टचं काम, लहान मुलगी, महिन्यातून दोनतीनदा रेंज. एवढ्यात मी ३५७ वर पक्का होऊ शकतो, ४४ वर नाही, हे कागदावरच्या भोकांनी मला स्पष्ट दाखवलं.

टार्गेटच्या बाजूचं पण सांगायला हवं कारण अर्धी गरज तीच आहे. नुसतं टार्गेटच करायचं असतं तर मी दुसरं काही बघितलंच नसतं, २२ एलआर घेतलं असतं. १८८७ पासूनचं काडतूस, धक्का जवळपास नाही, सगळ्यात स्वस्त. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते याच २२ एलआरवर, आणि इथल्या बुल्सआयच्या २,७०० गुणांच्या स्पर्धेतसुद्धा पहिले ९०० गुण २२ चेच असतात. हात बसवायला २२ सारखं दुसरं काही नाही, आणि मीसुद्धा रेंजवरची भाड्याची २२ नियमित मारतो. पण हरणाला २२ सारखं रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं काडतूस, चालत नाही, आणि नियमाने चाललं असतं तरी चालू नये. मग ३८ स्पेशलचं वॅडकटर बघितलं आणि फार खूश झालो. १४८ ग्रेनची शिशाची गोळी, पुढून अगदी सपाट, केसच्या तोंडाशी जवळपास समतल बसवलेली, सेकंदाला ७०० फुटांच्या आसपास संथ जाते आणि कागदात पंच मशीनने पाडल्यासारखं गोल स्वच्छ भोक पाडते, गुण मोजताना रेषेला लागलंय की नाही हा वाद राहत नाही. धक्का इतका मऊ की तासभर मारलं तरी हात थकत नाही. ज्या गनने हरीण मारायचं तिच्यातच हे चालतं, ट्रिगर तोच, नेम धरायची साइट तीच, ग्रिप तीच. मला जे हवं होतं ते इथे जुळलं आणि मी ३५७ वर शिक्कामोर्तब केलं.

घेतली ती ६ इंची नळीची, पूर्ण स्टीलची, जड रिव्हॉल्व्हर. जड मुद्दाम. बरेच लोक खांद्यावर वजन नको म्हणून हलक्या मिश्रधातूची घेतात, त्यात मॅग्नम मारलं की हात तर दुखतोच पण अजून एक भानगड होते, धक्क्याने सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांच्या गोळ्या केसमधून पुढे सरकू शकतात आणि सिलिंडर फिरायचंच थांबतं. घट्ट क्रिंप असलेली, म्हणजे केसचं तोंड गोळीवर घट्ट आवळलेली काडतुसं आणि जड गन, दोन्हीने हा प्रश्न टळतो. नळी लांब म्हणजे दोन साइट्समधलं अंतर जास्त, नेमातली चूक लगेच दिसते, आणि गोळीला थोडा वेगही जास्त मिळतो. कान मात्र सांभाळा, मी आत प्लग आणि वर मफ दोन्ही घालतो, ३५७ चा आवाज ४४ पेक्षा कमी असेल असं समजून कोणी बसू नये, तो फार टोकदार असतो. आणि नळी व सिलिंडर यांच्यातल्या फटीतून गरम वायू बाहेर फेकला जातो, तिथे बोट किंवा डाव्या हाताचा अंगठा कधीही जाता कामा नये.

३८ मारून झाल्यावर साफसफाईचं एक पथ्य आहे. ३८ ची केस आखूड म्हणून खणात तिच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचं कडं जमतं, ते न काढता नंतर ३५७ भरलं की ते जिथे बसायला हवं तिथे बसत नाही किंवा मारल्यावर केस निघत नाही. म्हणून प्रत्येक सत्रानंतर खण ब्रशने घासायचे, यात आळस नाही. सीझन जवळ आला की मी ३८ बंद करतो आणि फक्त शिकारीचंच काडतूस मारतो, कारण दोन्ही काडतुसांची गोळी एकाच साइटवर एकाच उंचीला लागत नाही, साइट परत जुळवावी लागते.

शिकारीच्या गोळीसाठी मी अनेक डबे आणून बघितले. पूर्ण आवरणाची गोळी सरावाला ठीक, हरणाला ती फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. स्वसंरक्षणासाठीच्या हलक्या, १२५ ग्रेनच्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खड्डा असलेल्या गोळ्या, फार लवकर फुलतात, खोल जात नाहीत. मला १५८ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली गोळी, माझ्या गनमध्ये सगळ्यात घट्ट ग्रुप, म्हणजे एकमेकांजवळ भोकं, देत होती, तीच ठेवली. तुमच्या गनला दुसरी आवडेल, प्रत्येक नळीची आवड वेगळी, ते मारूनच कळतं. १८० ग्रेनच्याही मिळतात आणि जरा जास्त खोल जातात, माझ्या नळीत त्या पसरत होत्या.

आणि आता अंतर. एडिनबर्गजवळच्या अ‍ॅटरबरीच्या डीएनआर रेंजवर मी आठ इंची कागदी प्लेट लावायचो, हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच. शूटिंग स्टिकवर हात टेकवून, थंडीचं जॅकेट घालून, हॅमर मागे ओढून सिंगल अ‍ॅक्शनमध्ये सहाच्या सहा गोळ्या प्लेटमध्ये. एक जरी बाहेर गेली तरी ते अंतर बाद. २५ यार्डांवर सोपं होतं. ५० वर मी सहाच्या सहा सातत्याने घालू शकलो पण तिथे बाक होता, शांतता होती, हृदय धडधडत नव्हतं. म्हणून मी स्वतःसाठी ४० यार्डांची रेघ आखली. ३५७ ची ताकद बघता अनुभवी लोक जे अंतर सांगतात त्याच्या ती आत बसते, म्हणजे काडतूस माझ्यापेक्षा कमी पडत नाही. रायफलवाल्यांना हे अंतर हास्यास्पद वाटेल, पण जनावराला जखमी करून रानात हरवू देणं यासारखं वाईट काही नाही, आणि ते टाळायचं तर अंतर आपणच कमी करायचं असतं, ते गोळीवर ढकलून चालत नाही.

सीझनमध्ये एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या मक्याच्या आणि रानाच्या मधल्या कडेला बसलो, नारिंगी जॅकेट-टोपी, जी इथे सक्तीची आहे. एक मोठा शिंगाडा नर समोर आला, ७० यार्ड असेल, बराच वेळ उभा राहिला, मी गन उचललीच नाही. नंतर एका संध्याकाळी मादी आली, माझ्या आधी मोजून ठेवलेल्या झाडाच्या अलीकडे, पूर्ण आडवी उभी. पुढच्या पायाच्या किंचित मागे नेम धरला आणि चाप दाबला. ती पाठीची कमान करून उडाली, रानात शिरली. लगेच मागे धावायचं नाही हे शिकवलेलं असतं, मी अर्धा तास जागचा हललो नाही. मग रक्ताच्या मागावर गेलो, फार लांब गेली नव्हती, गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती. मी हात जोडले, आमच्या गावची पद्धत आहे ती. मग ४८ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची असते ती त्याच रात्री केली. मांस कापताना जखमेच्या आजूबाजूचा भाग मी सढळ हाताने काढून टाकला कारण शिशाच्या गोळीचे बारीक कण आसपास पसरतात आणि घरात लहान मूल आहे. बायकोने मालवणी मसाल्यात त्याचं सुकं केलं. पुढच्या सीझनला मी पूर्ण तांब्याची गोळी माझ्या नळीत किती घट्ट ग्रुप देते ते बघणार आहे, तेवढी चिंताही नको.

टेक्सासला वगैरे राहून रानडुकरांवर जाणार असाल, किंवा आठवड्याला दोनदा रेंज होत असेल आणि मनगट भक्कम असेल, तर मी तुम्हालाही ४४ च सांगेन, माझा सीनियर तीच वापरतो आणि त्याच्या हातात ती फार सुंदर चालते.

जाता जाता एक अगदी महत्त्वाचं, आपल्या लोकांसाठी खास. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती बॅग, ते जॅकेट, ती पँट भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूससुद्धा भारतातल्या विमानतळावर स्कॅनरमध्ये सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, इथलं लायसन्स तिथे दाखवून काही उपयोग नाही. आमच्याकडे रेंजची बॅग लाल आहे, गॅरेजमधल्या कुलपाच्या कपाटात असते, आणि प्रवासाच्या बॅगा घरात वरच्या मजल्यावर. काडतुसं त्याच कपाटात पण गनपासून वेगळ्या कुलपात, आणि चावी मुलीच्या हाताला लागणार नाही अशी.